दुसऱ्या मजल्यावरचा समुद्र

गारखेड्यात आमच्या ऑफिसला तेव्हा नळाचं पाणी आठ दिवसांनी यायचं. किस्से मात्र चोवीस तास! एक साठला की त्याच्यावर दुसरा, आणि उपसणारं कुणी नाही. आता भाचे-भाच्या विचारतात, "आत्या, तुम्ही तिथं नेमकं करत काय होता?" मी म्हणते, बसा, चहा टाका, सांगते. पण मध्ये बोलायचं नाही. मला तोडलेलं आवडत नाही.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर गच्ची, आणि चार माणसं. काम पाण्याचं गणित मांडायचं. कालव्यातून पाणी कसं वाहील, पाइपलाइनमध्ये कुठं अडेल, बंधाऱ्यात गाळ कुठं बसेल, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून दाखवायचं. शहर वाढत होतं, शेंद्र्याकडं, करमाडकडं रोज नवा लेआउट पडत होता, आणि पाऊस दरसाल हुलकावणी देत होता. पाणी कमी, म्हणून पाण्याच्या गणिताला मागणी लई!

ऑफिसच्या भिंतीवर आजही दोन नकाशे शेजारी-शेजारी लावलेत. दोन्ही कोकणातल्या एकाच बंदराचे. नाव सांगत नाही, उगाच कुणाला लागायला नको. त्या बंदरात गॅसचं तरंगतं टर्मिनल करायचं घाटत होतं. म्हणजे एक भलंमोठं जहाज कायमचं बांधून ठेवायचं, गार करून पातळ केलेला गॅस बाहेरच्या जहाजांतून त्यात घ्यायचा, ऊब देऊन त्याचा परत वायू करायचा आणि पाइपानं किनाऱ्यावर सोडायचा. त्या जहाजाभोवती बंदरातलं पाणी कसं वाहील, हे सांगायचं काम आमचं. हो, आमचं! औरंगाबादचं! तेव्हा गावाचं नाव औरंगाबादच होतं.

पहिल्या नकाशात जहाज एका जागी आहे. दुसऱ्यात ते चांगलं लांब, उत्तरेला सरकलेलं आहे. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "हे कुणी सरकवलं हो?"

ते शेवटी सांगते. आधी माणसं बघून घ्या.

*

आमचे मालक वैद्य सर. आजोबा पंचांग सांगायचे, वडील कचेरीत कारकून. सरांनी दोघांचंही उचललं होतं. पुढं काय होणार ते सांगायचं, आणि सांगितलेलं फायलीला लावून ठेवायचं.

सरांना खोटा शब्द खपत नसे. त्यातून पदव्या-हुद्द्यांचा तर भारी तिटकारा. "माणसानं काम सांगावं, हुद्दा सांगू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तिथं नऊ वर्षं झाली तेव्हा मी औरंगपुऱ्यात जाऊन गुपचूप स्वतःची कार्डं छापून आणली. नावाखाली झोकात 'सिनियर इंजिनिअर'. आता नऊ वर्षांनी नाही तर कधी व्हायचं सिनियर?

सरांनी एक कार्ड पाहिलं. अकराच्या चहाला बघते तर टेबलावर माझी शंभर कार्डं पसरलेली, आणि सर पट्टी घेऊन एकेका कार्डावरच्या 'सिनियर'वर लाल रेघ मारत बसलेले!

"सर, अहो शंभर आहेत!"

"मग? रेघा पण शंभरच मारतोय. एकही जास्त नाही."

त्या दिवशी मी डबा न खाता घरी गेले. राग आला होता, खरं सांगते. पण ती कार्डं मी पुढं वापरलीच. लोक विचारायचे, ही लाल रेघ कसली? मी म्हणायची, "आमच्याकडं नऊ वर्षांत एवढंच प्रमोशन मिळतं!"

*

बंदराचं काम आलं ते याच खरेपणामुळं. टर्मिनल बांधणाऱ्या कंपनीच्या फॉर्मात एक रकाना होता, 'समुद्री कामाचा अनुभव'. मी म्हटलं, सर, काहीतरी गोलमाल लिहू. सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नाही. गाळाचा अनुभव मात्र भरपूर.'

मला वाटलं, झालं, गेलं काम. पंधरा दिवसांनी मुंबईहून फोन. म्हणे, बाकी सगळ्यांनी समुद्र लिहिलाय, गाळ कुणीच नाही लिहिला, आणि आम्हाला गाळाचीच भीती आहे. या बोलायला!

सर खाली घरमालकीणबाईंकडून साखर आणायला स्वतः गेले. ऑफिसात त्या दिवशी शिरा झाला.

*

आता सोपान. करमाडच्या बाजूचा, धनगराघरचा. घरात मेंढरं, वडील आयुष्यभर कळपामागं. हा एकटा शिकला, इंजिनिअर झाला, आणि असा झाला की सरांनी सगळं बंदर त्याच्या हातात दिलं. समुद्र त्यानं तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

दीड महिना राबून त्यानं मॉडेल उभं केलं. खोली, किनारा, जेटी, जहाज, सगळं. सकाळी चालू केलं आणि आम्ही डबे उघडले. एवढ्यात आतल्या खोलीतून इरफानची हाक. हा आमचा कॉम्प्युटरवाला, अंगानं किरकोळ पण आवाज खणखणीत.

"मॅडम! जल्दी आओ! समुंदर सूख गया!"

जाऊन बघतो तर काय! पडद्यावर अख्खं बंदर कोरडं ठाक. तळ उघडा पडलेला, आणि आमचं ते भलंमोठं जहाज चिखलात बसलेलं.

सोपाननं डोक्याला हात लावला. मग त्याच्या लक्षात आलं. आम्ही वर्षानुवर्षं कालव्यांची मॉडेलं केलेली. कालव्याच्या टोकाला आमचा नेहमीचा नियम असा, की इथवर आलेलं पाणी बाहेर गेलं, त्याचा हिशोब संपला. सवयीनं त्यानं तोच नियम समुद्राच्या बाजूलाही लावला होता. ओहोटीला पाणी गेलं ते गेलंच. भरतीला परत यायची सोयच नाही!

"अरे सोपान, भरती विसरलास?" मी म्हटलं.

तो एवढंसं तोंड करून म्हणाला, "मॅडम, गेलेलं पाणी परत येतंय, ह्ये डोक्यातच आलं नाय. आपल्याकडं कुठं येतंय?"

मला हसावं का रडावं कळेना. सर मागं येऊन उभे होते. त्यांनी सोपानच्या पाठीवर थाप मारली.

"अगस्ती ऋषींनंतर समुद्र पिणारा तूच रे!"

*

मे महिन्यात तर कहर झाला. मॉडेल आता नीट चालत होतं, पण मशीन इतकं तापायचं की कूलरसमोर ठेवावं लागे. आणि कूलरला लागतं पाणी. नळाचा दिवस दोनदा पुढं ढकलला गेला होता, टाकीत खडखडाट, कूलरमधून नुसती गरम वाफ. मशीननं दुपारी जीव सोडला.

नेमका तेव्हाच मुंबईहून फोन आला. मीच उचलला.

"मॅडम, आज रिझल्ट देणार होता ना?"

"देणार होतो हो. पण समुद्र बंद पडलाय."

"का?"

"पाणी नाही."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "कुठं? समुद्रात?"

"नाही हो, कूलरमध्ये!"

संध्याकाळी इरफान त्याच्या मोहल्ल्यातून स्कूटरवर दोन कॅन पाणी घेऊन आला. घरात लग्नाचे पाहुणे असताना! मी म्हटलं, इरफान, अरे घरच्यांना? तो म्हणाला, "मेहमान तो परसों जाते मॅडम. समुंदर कू कायकू प्यासा रखना?"

असली माणसं होती आमची. मला अजून बोलताना भरून येतं.

*

सरांचा कॉम्प्युटरवर विश्वास होता, पण आंधळा नाही. "पडद्यावर दिसलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं," म्हणून गच्चीवर त्यांनी पत्र्याचा मोठा ट्रे करवून घेतला. त्यात बंदराचा आकार, मध्ये जहाज म्हणून लाकडी ठोकळा. सोपान एका बाजूनं बादलीनं पाणी ओतणार, ती भरती. इरफान दुसऱ्या बाजूचं बूच काढणार, ती ओहोटी. पाण्यावर सुताराकडचा भुसा टाकायचा, म्हणजे प्रवाह कसा वळतो ते दिसतं.

पहिल्याच भरतीला घरमालकीण शकुंतलाकाकू कंबर कसून वर आल्या. "गल्ली घागरीसाठी भांडतीय, आणि तुम्ही शिकली-सवरलेली माणसं गच्चीवर पाण्यात ठोकळे खेळता?"

मी समजवायला गेले तर माझ्यावरच घसरल्या. "तू तर गप्पच बस! तुझ्या आईला सांगते!"

शेवटी सरांनी तह केला. ट्रेमधला एक थेंब वाया जाणार नाही, बुचातून निघालेलं पाणी काकूंचं. काकूंनी तिथल्या तिथं बुचाखाली दोन बादल्या आणून मांडल्या.

मग काय! दोन दिवसांत काकू आमच्यापेक्षा पक्क्या झाल्या. सकाळी जिन्यातूनच ओरडायच्या, "अरे इरफान, ओहोटी किती वाजता आहे? मला जिना धुवायचाय!"

एकदा त्यांच्याकडं पाहुणे यायचे होते, धुणं बरंच पडलं होतं. आम्ही आमचं काम करतोय तर काकू वर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या. "आज दोन ओहोट्या जास्त करा!"

सर हात जोडून म्हणाले, "काकू, ते चंद्राच्या हातात असतं."

"चंद्राला घरभाडं कळतं का?"

त्या दिवशी दोन ओहोट्या जास्त झाल्या.

*

गणित बरोबर आहे का हे ठरवायला बंदरात जाऊन खरा प्रवाह मोजून आणावा लागतो. सोपान गेला. पहिल्यांदा समुद्र बघणार म्हणून नवा शर्ट घालून गेला. तिथल्या मच्छीमार वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाची होडी भाड्यानं घेतली होती. होडीचा प्रमुख तो तांडेल. नाव बाबी तांडेल, वय सत्तरीच्या पुढं.

होडी बाहेर निघाली आणि सोपानच्या नव्या शर्टाची वाट लागली. तरी हा पठ्ठ्या एका हातानं होडीची कड धरून, दुसऱ्या हातानं यंत्र पाण्यात सोडून, ओकत-ओकत आकडे लिहीत होता!

तांडेलानं विचारलं, "खंयचे तुमी?"

"औरंगाबादचा."

"थंय पाणी तरी आसा काय?"

होडीतली सगळी हसली. सोपाननं तोंड पुसलं आणि म्हणाला, "नाय ना! म्हणून तर मोजायला शिकलो. असतं तर मोजलं असतं व्हय?"

तांडेलानं स्वतःच्या डब्यातली कोकमाची फोड काढून त्याच्या हातावर ठेवली. "चघळ. बरा वाटात." आणि त्या दिवसाचं होडीचं भाडं घेतलंच नाही.

हा किस्सा सोपाननं आम्हाला सांगितला नाही. वाडीतल्या लोकांनी पुढं सांगितला. स्वतःचं कौतुक सांगायची त्याला सवय नाही. म्हणून ते काम मी करते.

*

आकडे जुळले. मॉडेल आणि खरं बंदर, दोन्ही एकासारखं एक वाहायला लागलं. जहाज जिथं बांधायचं ठरलं होतं, तिथं ते उभं केल्यावर पाण्याचं काय होतं ते आता पडद्यावर बाणांनी दिसत होतं. गाळाचं गणित करायला मशीन अजून तीन दिवस घेणार होतं.

त्याच दिवशी सोपानचे वडील ऑफिसात आले. आबा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं, म्हणून पोराला घ्यायला आलेले. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत, पडद्याकडं बघत राहिले. निळ्यावर हजारो पांढरे बाण जहाजाच्या दोन्ही अंगांनी पळत होते.

"ह्यो ट्रक रस्त्यात कुणी लावला?" आबांनी विचारलं.

"आबा, ट्रक नाय, जहाज हाय. आन् ह्ये पाणी," सोपान म्हणाला.

"आसंल. पर चालतंय तर मेंढरावानी." आबा पुढं सरकले. "रस्त्यात गाडी हुबी आसली की कळप दोन अंगांनी जातो. आन् गाडीच्या मागं गेला की घोटाळतो. गोल गोल फिरतो. ह्ये बग, हितं फिरतंय."

खरंच, जहाजाच्या मागच्या अंगाला एक भोवरा संथ फिरत होता.

"मंग आबा?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हिला एवढंही कळत नाही! "मंग काय? जिथं कळप थांबला तिथं लेंड्या पडणार. लोकं आम्हाला वावरात मेंढरं बसवायला बलावत्यात ते कशासाठी? खतासाठीच ना?" आणि काठीचं टोक त्यांनी पडद्यावर एका जागी टेकवलं. "हितं पडतील."

तिथं एका छोट्या खाडीचं तोंड होतं. बाबी तांडेलाच्या वाडीच्या होड्या रोज तिथूनच आत-बाहेर करायच्या.

तीन दिवसांनी गाळाचा रिझल्ट आला. पडद्यावर तपकिरी डाग उमटला. खाडीच्या तोंडावर, आबांनी काठी टेकवली होती त्याच जागी!

इरफाननं मशीनवर हात ठेवला. "तीन दिन बिजली जलाए, मॅडम. अगले बार सीधा आबा कू बुला लेंगे."

*

तो तपकिरी डाग आमच्या अहवालात पान एक्केचाळीसवर होता. खाली सोपाननं साध्या शब्दांत लिहिलं होतं, की जहाज या जागी बांधलं तर खाडीचं तोंड गाळानं भरत जाईल आणि ओहोटीला वाडीच्या होड्या आत येऊ शकणार नाहीत. जहाज उत्तरेला सरकवलं तर हा त्रास होणार नाही.

कंपनीच्या तज्ज्ञांचा फोन आला. परदेशात शिकून आलेले, समुद्राचा दांडगा अनुभव. म्हणाले, बाकी अहवाल उत्तम आहे, फक्त पान एक्केचाळीस काढा. जागा ठरलेली आहे, आता सरकणार नाही. आणि मग वर म्हणाले, ज्या मुलानं हे केलंय त्यानं समुद्र तरी नीट पाहिलाय का? दुष्काळी भागातल्या माणसानं समुद्राला गाळ शिकवू नये.

फोन स्पीकरवर होता. सोपाननं सगळं ऐकलं.

सर शांतपणे म्हणाले, "पान काढायला माझी हरकत नाही. फक्त पुढं तिथला गाळ कोण उपसणार, त्यांचं नाव-गाव त्या पानाच्या जागी लिहून द्या. तेवढं लावून टाकतो."

फोन ठेवला गेला. आठ दिवसांनी पत्र आलं. बंदराच्या कचेरीत बैठक, तिथल्या अध्यक्षबाईंसमोर सगळं मांडा, पान ठेवायचं का काढायचं ते तिथं ठरेल.

सोपाननं त्या आठ दिवसांत डब्याला हात लावला नाही. एकदा मला म्हणाला, "मॅडम, अहवालावरचं माझं नाव काढा. तुमचं टाका. तुमचं म्हनलं तर ऐकतील. पान तरी ऱ्हाईल." मला असा संताप आला! त्याचा नाही, त्या फोनवाल्याचा. मी म्हटलं, "नाव राहील आणि पानही राहील. आणि आता जेव, नाहीतर काकूंना वर बोलावते!"

तो जेवला. काकूंना घाबरायचे सगळेच.

*

बैठकीला जायला जीप केली. आम्ही चार, आणि एक जागा रिकामी. सर सोपानला म्हणाले, "आबांना घे. त्यांनी कुठं पाहिलाय समुद्र!" काकूंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वर मला दम दिला, "हरून आलीस तर जिना चढू नकोस."

कचेरीचा हॉल भरलेला. पुढं अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी ते तज्ज्ञ, मग कंपनीची माणसं. मागच्या रांगेत वाडीतर्फे बाबी तांडेल. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आबा घोंगडी आवरून तिथं बसले. दोघं एकमेकांना काय समजत होते देव जाणे. हा मालवणी बोलतोय, तो आमची मराठवाडी. पण तंबाखूची देवाणघेवाण झालेली मी पाहिली.

सोपान बोलायला उभा राहिला. त्यानं आधी नुसता प्रवाह लावला, गाळाचं चित्र मागून येणार होतं. पडद्यावर पांढरे बाण पळायला लागले.

तज्ज्ञांनी त्याला पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही. "यात गाळ कुठं आहे? मला तर पाणी छान वाहताना दिसतंय! मॅडम, हे लोक जिथून आलेत तिथं प्यायला पाणी नाही. हे आपल्याला समुद्र सांगणार?"

हॉलमध्ये चार-पाच जण हसले. माझ्या तोंडावर शब्द आला होता, चांगला औरंगपुऱ्याचा, पण सरांनी माझा हात दाबून धरला.

तेवढ्यात मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बघते तर आबा आणि तांडेल दोघंही उठलेले! कुणी बोलावलं नव्हतं. खुर्च्यांमधून वाट काढत दोघं पडद्यापर्यंत आले. आबांच्या पटक्याची सावली सगळ्या बंदरावर पडली. पान एक्केचाळीस तांडेलानं बघितलेलं नव्हतं, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हंयसर गाळ बसतलो."

आबांच्या काठीचं टोक त्या बोटाला जाऊन भिडलं. "मी तरी काय म्हंतो? हितंच."

सोपाननं पुढचं चित्र लावलं. बोट आणि काठी तशीच होती. त्यांच्या खाली तपकिरी डाग हळूहळू पसरत गेला. तांडेलाच्या नखावर, आबांच्या मनगटावर, दोघांच्या हातांवर गाळ चढला.

आता कुणी हसत नव्हतं. तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अध्यक्षबाईंनी पटक्याकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं.

"तांडेलांना मी ओळखते. हे कोण?"

सोपान तोंड उघडणार, त्याच्या आधी वैद्य सर उभे राहिले. कोटाचं बटण लावलं.

"आमचे सिनियर कन्सल्टंट."

इरफाननं माझ्याकडं पाहिलं. मी इरफानकडं पाहिलं. माझ्या पर्समध्ये लाल रेघेची कार्डं होती.

"अहो, मग उभे का?" अध्यक्षबाई म्हणाल्या. स्वतःच्या शेजारची खुर्ची त्यांनी मोकळी करायला लावली. "या ना, बसा पुढं."

आबांनी काठी पडद्यावरून काढली नाही.

"बसतो की. पर आदी त्ये जहाज सरकवा."